मानाच्या सुपातली गौरा

नंदकलीने समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला वाटलं, ढग खाली उतरून बसलेत. तिच्या गावी, म्हणजे नेपाळच्या पार पश्चिमेला अछामच्या डोंगरात, पावसाळ्यात रोज सकाळी असंच व्हायचं. दरी पांढऱ्या ढगांनी काठोकाठ भरायची. दुपारी ढग वर निघून गेले की खालची नदी, झुलता पूल, मामाचं गाव, सगळं एकेक करून आपापल्या जागी परत दिसू लागायचं. नवऱ्यामागून ती रत्नागिरीला आली, आंब्याच्या बागेच्या टोकाला कातळावर उभी राहिली आणि त्या करड्या पसाऱ्याकडे बघत तिने डंबरला विचारलं, हे ढग कधी उठतात. डंबर हसला. तो त्याआधी काही मोसम इथे राहून गेला होता, त्यामुळे शहाणा झाला होता. हे उठत नाहीत, त्याने सांगितलं, हे असेच असतात.

ते तिला पटलं, पण अगदी पुरतं नाही. त्यालाही आता बरीच वर्षं लोटली. ती बांगडा तळायला शिकली, खेकड्याची नांगी दाताने फोडायला शिकली, वाडीतल्या बायकांशी त्यांच्याच बोलीत भांडायलाही शिकली. मुलगा इथल्याच शाळेत शिकून मोठा झाला आणि पुण्याला एका हॉटेलात कामाला लागला. तरीही भादव्यातल्या एखाद्या धुरकट सकाळी, कातळावर इवली निळी फुलं उमललेली असताना आणि खाली समुद्र कुठे संपतो ते कळत नसताना, तिला वाटायचंच की दुपारपर्यंत नेटाने उभं राहिलं तर खाली मामाचं गाव दिसेल. हे ती कुणाला सांगत नसे. असल्या गोष्टी सांगितल्या की लोक डॉक्टरकडे जा म्हणतात.

बाग हरिश्चंद्रची. हरिश्चंद्र म्हणजे तोंडात साखर आणि पोटात भीती असलेला बागायतदार. कलमं त्याची, राखण डंबरची. मोसमात वानरं हाकायची, फवारणीचे पिंप ओढायचे, पेट्या भरायच्या. पावसाळ्यात गवत कापायचं, कलमांची बांडगुळं काढायची. आपल्या बागायतदारांची एक मोठी गमतीची सवय आहे. राखणीला आलेला नेपाळी कुणीही असो, त्याचं नाव बहादूर. ह्या वाडीत आजवर कितीतरी बहादूर होऊन गेले आणि त्यांतल्या एकाचंही नाव बहादूर नव्हतं. डंबरचाही बहादूर झाला, आणि नंदकलीची झाली गुरखीण. तिचं नाव विचारलं एकट्या कमळाकाकीने. ऐकून घेतलं आणि म्हणाली, एवढं लांब नाव हाक मारायला परवडत नाही, नंदा पुरे. तेव्हापासून अर्धं नाव विहिरीवर पोचलं आणि अर्धं कुठेच पोचलं नाही.

बागेतून उतरलं की वाडीतलं पहिलं घर कमळाकाकीचं. नवरा जाऊन फार वर्षं झाली, मुलगा श्रीपती मुंबईला, घरात ती एकटी आणि तिची जीभ. उन्हाळ्यात बागेतली बोअर आटली की नंदकली पाण्याला काकीच्या विहिरीवर यायची, आणि काकी खळ्यात, म्हणजे दारापुढच्या अंगणात, बसून तिच्यातल्या खोडी काढायची. सगळ्यात मोठी खोड म्हणजे तिची भारा वाहायची तऱ्हा. नंदकली गवताचा भारा डोक्यावर घेत नसे. ती तो पाठीवर घ्यायची, दोराचा पट्टा कपाळाला लावायची आणि वाकून चालायची, तिच्या डोंगरातल्या बायका चालतात तशी. मान मोडून मरशील, काकी म्हणायची. नंदकली म्हणायची, तुमच्या बायकांचीच टाळू खचेल. मग काकी तिला ताक द्यायची. हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं. ह्याला दोघींपैकी कुणी माया वगैरे म्हणाली असती तर दुसरीने तिला हसून लोळवलं असतं.

नंदकली स्वप्नं मात्र भरपूर बघायची, आणि तीही दुपारी. गवत कापून आलं, भाकरी खाल्ली की पत्र्याच्या सावलीत तिचा डोळा लागायचा. सुरुवातीच्या वर्षांत स्वप्नात फक्त तिकडचंच यायचं. मग हळूहळू कुणीतरी दोन्ही मुलूख एकमेकांना शिवायला घेतले. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून उतरत जावं, मक्याची कणसं हाताला लागावीत, आणि खाली नदी लागायच्या जागी कमळाकाकीची विहीर लागावी, त्यात काकीचा रहाट कुरकुरत असावा. जाग आल्यावर नंदकलीला घटकाभर समजायचं नाही की आता उठून कुठल्या बाजूला चालायचं. मग दूर कुठेतरी नारळाची झावळ पडायची आणि ती रत्नागिरीत यायची.

तिच्या मुलखात भादव्यात गौरा येते. आपल्याकडे गौर येते त्याच दिवसांत. बायका रानात जातात, भाताची रोपं, सावा, आघाडा असं काय काय उपटून त्यांची जुडी बांधतात, तिला कपडा नेसवतात आणि डोक्यावरून घरी आणतात. ती गौरा. आदल्या दिवसांत तांब्याच्या भांड्यात पाच कडधान्यं भिजत घातलेली असतात, त्यांना बिरुडा म्हणतात, तो तिचा प्रसाद. लेकी सासरहून येतात, हातात हात गुंफून गोलात नाचतात. नंदकलीला इथून जायचं म्हणजे दिल्लीपर्यंत रेल्वे, मग सीमेपर्यंत बस, मग डोंगरातली जीप, आणि मग पाय. जायला जमायचं नाही. पण दर वर्षी गौरा झाली की तिच्या आईचा फोन यायचा. आईला ती इजा म्हणायची. इजाचं बोलणं नेहमी त्याच वाक्यावर यायचं: तुझ्या वाटचं काढून ठेवलंय, कधी येतेस? आणि नंदकली दर वर्षी एकच उत्तर द्यायची, पुढच्या वर्षी. तो वाटा नंतर गाय खात असणार हे दोघींना ठाऊक होतं. तरी तो निघायचा.

ह्या आषाढात इजा गेली. फोनवर वहिनीने सांगितलं. नंदकलीने डोक्यावरून पाणी घेतलं, लेकीला असतं तेवढं सुतक पाळलं आणि चौथ्या दिवशी कोयती घेऊन गवताला गेली. रडली ती श्रावणात, वहिनीचा पुन्हा फोन आला तेव्हा. वहिनी सहज बोलता बोलता म्हणाली की घरात वर्षभर सण नाही, तेव्हा यंदा गौरा बसणार नाही. चूक काहीच नव्हतं, रीतच ती. पण फोन ठेवल्यावर नंदकलीच्या लक्षात आलं की यंदा बिरुडा भिजणार नाही, आणि पुढच्या वर्षी भिजला तरी तिचा वाटा बाजूला काढायचं कुणाच्या ध्यानात येणार नाही. वहिनी वाईट नव्हती. तिच्या बाकीच्या दोन नणंदा जवळच दिलेल्या होत्या, त्यांचं करण्यातच तिचा जीव जायचा. माहेर म्हणजे तरी काय, जिथे आपला वाटा कुणीतरी काढून ठेवतं ती जागा. ती जागा आता ह्या पृथ्वीवर कुठे नव्हती. ह्या विचाराने नंदकली पत्र्याखाली बसून पोटभर रडली, आणि रडून झाल्यावर तिने ठरवलं की इजाची गौरा चुकू द्यायची नाही. तिकडे नाही बसत तर इकडे बसवायची. लेकीला वर्षाचं सुतक नाही, मग लेकीने आणलेली चालेल.

कडधान्यं तिने बाजारातून आणली. तांब्याचं भांडं काकीकडून पाण्यासाठी आणलं होतं, ते परत दिलंच नव्हतं. उरली गौरेला ठेवायची टोपली, म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी ती सूप मागायला खाली उतरली.

पण त्या संध्याकाळी काकीच्या घरात निराळंच रण माजलेलं होतं. ह्या वाडीत पहिली गौर कमळाकाकीच्या घरची. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी एक सपाट दगड आहे. त्या दगडाजवळचा तेरडा त्या घरच्या सवाशिणीने आधी उपटायचा, मानाच्या सुपात ठेवायचा, आणि मग बाकीच्या बायकांनी आपापल्या गौरी घ्यायच्या. काकीची सासू हे करत आली, मग काकी, काकी विधवा झाल्यावर तिची नणंद, ती हयात होती तोवर, आणि मग श्रीपतीचं लग्न होऊन सून नम्रता मुंबईहून येऊन करू लागली. यंदा नम्रताचे दिवस भरत आलेले, डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलेलं. श्रीपती एकटाच आला, गणपती बसवून, आरतीचं शेजारच्यांवर सोपवून परत गेला. मग चुलतदीर गंगाराम येऊन काकीच्या ओटीवर बसला. वाडीचा मान थांबून चालायचा नाही, घरात सवाशीण नसेल तर तो भावकीत पुढे सरकतो, तेव्हा उद्या आमची सून अक्षया पहिली गौर घेईल, असं त्याने फार गोड आवाजात सांगितलं. मान एकदा सरकला की परत येत नाही, हे ओटीवरच्या मांजरालाही माहीत होतं.

गंगाराम उठून गेला आणि नंदकली आत आली. तिला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. गौरीच्या दिवशी खालून झांजा वाजायच्या तेव्हा ती नेमकी वर बागेत गवतात असायची. बायका पऱ्यावरून रोपं घेऊन जातात एवढंच तिने लांबून पाहिलेलं. तिने सांगितलं, आईच्या नावाने गौरा आणायची आहे, एखादं सूप द्या. काकी उठली, भिंतीवरचं सूप खुंटीवरून काढलं आणि तिच्या हातात आदळलं.

“घेऊन जा. टांगून ठेवून काय करायचाय आता.”

सूप जुनं होतं, काठाला तांब्याची पट्टी मारलेली, धुराचा आणि हळदीचा वास येणारं. नंदकलीला ते फार आवडलं. आता म्हातारीने ते जाणूनबुजून दिलं की रागाच्या भरात, हे तिचं तिलाच माहीत. मी तिला ओळखतो तेवढ्यावरून सांगतो, ती रागाच्या भरातही जाणूनबुजूनच वागते.

पहाटे नंदकलीला इजाने उठवलं. म्हणजे स्वप्नात. पण उठल्यावर ते स्वप्न संपल्यासारखं वाटलं नाही. बाहेर धुकं इतकं दाट होतं की शेजारचं कलम दिसत नव्हतं. वाडीतल्या बायका येण्याआधी आपलं उरकून घ्यावं, त्यांच्या सणात आपली लुडबुड नको, असा शहाणा विचार करून ती अगदी उजाडता उजाडता निघाली. तिच्या ह्या भिडस्तपणानेच पुढचा सगळा घोळ केला.

धुक्यात कातळ नव्हता, बाग नव्हती. पायाखालची वाट उतरत होती एवढंच, आणि वाट उतरत असली की ती कुठलीही असू शकते. बांधावरचं भात पोटरीला आलं होतं, त्याचा दुधाळ वास येत होता. तो वास तिकडेही असाच येतो. तिने भाताची थोडी रोपं घेतली, आघाडा घेतला. पाण्याचा आवाज आला तशी ती पऱ्यावर पोचली. सपाट दगडाजवळ तेरडा दाटला होता, गुलाबी, दवाने वाकलेला. तेरडा तिच्या गौरेत नसतो. पण इतका चांगला जीव हात पुढे करून उभा असताना त्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून तिने तोही मुळासकट उपटला. जुडी बांधली, इजाच्या जुन्या ओढणीचा तुकडा तिला नेसवला, सुपात ठेवली आणि दगडावर बसून गाणं म्हणू लागली. त्या गाण्यात लेक डोंगराला विचारते की माझ्या घरचा धूर दिसतो का रे. हळूहळू धुकं विरळ झालं. ती गात राहिली. आपण नक्की कुठे बसून गातोय ह्याचा तिने त्या वेळी विचार केला नाही, आणि आयुष्यात फार कमी वेळा तिला इतकं बरं वाटलं होतं.

धुकं पुरतं उठलं तेव्हा समोर अक्षया उभी होती, नवी साडी नेसलेली, हातात नवं सूप. मागे वाडीतल्या सगळ्या बायका. झांजा थांबल्या होत्या. मानाच्या दगडाजवळची माती उकरलेली, ओली, आणि दगडावर गुरखीण.

अक्षया बिचारी हळू आवाजात एवढंच म्हणाली की हे काय करून ठेवलंस गो. मग मागच्या बायका बोलू लागल्या आणि त्या बोलू लागल्यावर कुणाला काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. वरात गौरीवाचूनच मागे फिरली. नंदकली सूप छातीशी धरून त्यांच्याबरोबर चालत आली, कारण पळून जायचं तिला सुचलं नाही.

काकीच्या खळ्यात सगळे जमले. गंगाराम आला. हरिश्चंद्रला बोलावणं गेलं, तो आणि त्याची बायको उल्कावहिनी आली. डंबर आला आणि काही न विचारता मान खाली घालून उभा राहिला. परमुलखातला माणूस हे फार लवकर शिकतो. गंगाराम ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला की बाईला कळलं नसेल, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या जागेवर परक्या हाताने पहिली गौर उपटली गेली, आता वाडीत काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण. माणसं हरिश्चंद्रची आहेत, त्याने काय ते बघावं. हरिश्चंद्रच्या बागेचा टेम्पो वाडीच्या रस्त्याने जातो आणि तो रस्ता गंगारामच्या दारावरून जातो. त्यामुळे हरिश्चंद्रने बघितलं. नाटे गावाच्या बाजूला आपल्या पाहुण्यांची बाग आहे, त्यांना राखणदार हवाच आहे, गणपती झाले की ह्या दोघांना तिकडे पाठवतो, असं तो कुणाच्याही डोळ्यांकडे न बघता म्हणाला. डंबरने मान हलवली. एका वर्षात दोनदा एखादी जागा पुसली जाते ती अशी, भर सकाळी, लोकांसमोर, अगदी सभ्यपणाने.

तुला काही सांगायचंय का, उल्कावहिनीने तिला विचारलं. बाई मनाने चांगली होती.

“आई गेली माझी,” नंदकली म्हणाली. “म्हणून आनली. दुसरं काय नाय.”

तेव्हा आतापर्यंत उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडणारी कमळाकाकी उठली. तिने ताट बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि शांतपणे अक्षयाजवळ गेली.

“तुझ्या हातातलं सूप कुनाचं गो?”

आमचं, अक्षया म्हणाली.

“आनि हिच्या हातातलं?”

आता सगळ्यांनी पहिल्यांदा त्या सुपाकडे नीट बघितलं. तांब्याची पट्टी सकाळच्या उन्हात चमकत होती. ते सूप वाडीतल्या पोराटोरांनाही माहीत होतं. गंगारामचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण तोही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो म्हणाला, सूप तुझं असेल वहिनी, पण ते धरणारी तुझी कोण लागते?

काकीने एकदा नंदकलीकडे बघितलं, तिच्या कपाळावर पट्ट्याचा कायमचा वळ उठलेला होता त्याकडे बघितलं.

“लेक,” ती म्हणाली. “माझी लेक हाय. नाव नंदकली. आनि गौर आनायचा मान सुनंच्या आधी लेकीचा, हे तुझ्या आयेनं तुला सांगितलान नसंल तर मी सांगते.”

पूर्ण नाव. नंदकलीने ते ऐकलं आणि तिला वाटलं दुसऱ्याच कुणाला हाक मारलीय. रक्ताची नाही म्हणावं तर ह्याच वाडीत मानलेल्या लेकीने लग्नात करवलीचा दिवा धरल्याचे दाखले होते, आणि त्यातला एक गंगारामच्याच घरातला होता. कुणीतरी बाई हसली. मग झांजा पुन्हा सुरू झाल्या, कारण मुलं कंटाळली होती. हरिश्चंद्रला तर एवढं हायसं वाटलं की तो सगळ्यांना चहा पाजायला निघाला. नाट्याच्या पाहुण्यांना काय सांगायचं ते तो बघून घेणार होता.

काकीने दारात तांदळाच्या पिठाची पावलं काढायला लावली आणि नंदकली त्यांवरून चालत आत गेली. उपटलेल्या जुडीवर काकीने आपल्या घरचा पितळी मुखवटा बांधला. ही भाताची रोपं कशाला मध्ये, म्हणून कुरकुरली, पण काढली नाहीत. अशी ती गौर आणि गौरा एकाच सुपात, एकाच मुखवट्याखाली बसली, आणि तिला काही अडचण झालेली दिसली नाही.

नंदकली काही खुळी नव्हती. म्हातारीने भांडण जिंकलं होतं आणि भांडण जिंकायला तिला एक लेक लागत होती, हे तिला खळ्यातच कळलं होतं. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. त्यामुळे त्यांची बाग सुटली नाही हे काय कमी होतं. पण रात्री पत्र्याखाली पडल्यावर आणि दुसऱ्या दिवशी पूजेला बसल्यावरही तो शब्द तिच्या मनात सलत राहिला. गरजेपुरता उसना दिलेला शब्द सुपासारखा परत करावा लागतो. गौर गेली की सूप खुंटीवर जाणार आणि लेक पुन्हा गुरखीण होणार, असं तिने स्वतःला नीट समजावलं.

पूजेच्या दिवशी आणखी एक पेच झाला. काकीच्या गौरीला तिखटाचा नैवेद्य लागतो, म्हणून खेकड्यांचं कालवण आणि वडे झाले होते. नंदकलीच्या गौरेला त्या दिवशी उपास. काकीने तिच्यासमोर पान मांडलं आणि तिने हात जोडले. गौर जेवते आणि तू जेवत नाहीस, तू काय गौरीपेक्षा मोठी लागून गेलीस, म्हणून काकी जाम भडकली. नंदकली बिरुडा खाऊन बसली. वाडीतल्या बायकांनी तो चाखला. अक्षयाने दुसऱ्यांदा हात पुढे केला आणि सासऱ्याला सांगू नका म्हणाली. मग फुगड्या झाल्या. नंदकलीने आपलं गाणं म्हटलं, बायकांना शब्द कळले नाहीत, पण त्या गोल धरून तिच्याबरोबर पाय टाकत राहिल्या. दमून ती ओटीवरच्या खांबाला टेकली आणि भर दुपारी, एवढ्या गडबडीत, तिचा डोळा लागला.

स्वप्नात इजा पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून टोपली घेऊन उतरत आली आणि थेट विहिरीवर पोचली. तिथे काकी पाणी काढत होती. दोघी बोलू लागल्या. इजाला मराठी येत नव्हती आणि काकीला इजाची बोली, तरी त्यांचं व्यवस्थित चाललं होतं. नंदकली जवळ गेली तेव्हा कळलं की दोघी तिच्याबद्दलच बोलतायत. भारा कसा वाहावा ह्यावर त्यांचा वाद चालला होता आणि इजा काकीला आपल्या कपाळावरचा पट्टा लावून दाखवत होती. जाग आली तेव्हा नंदकलीच्या अंगावर कुणीतरी गोधडी टाकली होती.

तिसऱ्या दिवशी गौर गेली. उल्कावहिनीने नंदकलीची ओटी भरली, तांदूळ, नारळ, खण. पऱ्याच्या पाण्यात तिने जुडी सोडली, तेरडा आणि भात आणि इजाच्या ओढणीचा तुकडा. वाहत्या पाण्यात तो तुकडा उलगडत गेला आणि वळणाआड झाला. पऱ्या पुढे खाडीला मिळतो आणि खाडी समुद्राला. ती जास्त वेळ उभी राहिली नाही. बायका पांगल्या. तिने सूप धुतलं, पुसलं आणि काकीच्या दाराशी आणून दिलं. काकी चुलीपाशी होती. तिने मागे न बघताच सांगितलं, खुंटीला लाव. नंदकलीने सूप खुंटीला लावलं. आत थांबायला कुणी सांगितलं नाही, आणि आपण होऊन थांबायचं तिच्या जिवावर आलं. ती बागेची चढण चढू लागली.

ऊन उतरलं होतं. मधेच पावसाची एक बारीक सर आली आणि उन्हातच विरली. कातळावरची फुलं, बांध, खालची घरं, सगळं ओलं आणि सोन्याचं दिसत होतं, नुकतं कुणीतरी धुऊन जागेवर मांडल्यासारखं. समुद्रावर धुकट पडदा आला होता. नंदकली चढता चढता नेहमीसारखी थांबली आणि तिकडे बघू लागली. नेमकी तेव्हाच खालून हाक आली.

“नंदकलेऽऽ! काल जेवली नाहीस. तुझ्या वाटचं काढून ठेवलंय. कधी येतेस?”

क्षणभर तिला समजेना की हाक कुठल्या डोंगरावरून आली. फोन कानाशी नव्हता. खाली खळ्यात एक म्हातारी कमरेवर हात ठेवून, मान वर करून, उत्तराची वाट बघत उभी होती. ती वाट बघत होती आणि तिची चिडचिड होत होती, हे इतक्या लांबूनही दिसत होतं.

पुढच्या वर्षी, हे शब्द सवयीने नंदकलीच्या ओठांवर आले होते. ते तिने गिळले.

“आले,” ती ओरडली. मग आणखी मोठ्याने ओरडली. “आले, इजा. आलेच.”

काय म्हणालीस, काकीने खालून विचारलं. पण नंदकली तोवर वाट उतरायला लागली होती. ओटीतला नारळ सांभाळत, भराभर, मागे न बघता.